ख्रिस्ती उपासनेचे तीन प्रकार आणि आपल्या पंडिता रमाबाई

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले व्याख्यान)

अध्यक्षीणबाई, कार्यकारिणीच्या भगिनी, आणि भोर शहरातून, तसेच वेल्ह्याच्या खोऱ्यांतून एस.टी.ची वाट पाहत येथवर आलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

वर्धापनदिनाला कोणी तरी बोलावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, ही आपली जुनी रीत आहे. मागे आहारावर झाले, दागिन्यांपेक्षा पोस्टातली शिल्लक बरी यावरही झाले. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "बाई, विषय तुमचा तुम्हीच ठरवा." जन्मभर शाळेत शिकविलेल्या बाईला इतकी मोकळीक देणे धोक्याचे असते! मी विषय घेतला आहे तो ख्रिस्ती लोकांच्या उपासनेचा. "हा विषय आपल्याला कशाला?" असे पुष्कळींच्या चेहऱ्यावर मला दिसते आहे. तर कशाला, तेच आधी सांगते.

आपल्या मंडळातील एक भगिनी गेल्या वर्षापासून दर रविवारी एका घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेला जाते. तिचे नाव मी घेत नाही. तुम्हां सर्वांना ते ठाऊक आहे, आणि हे बोलण्यापूर्वी मी तिला विचारले आहे. मुलाच्या लांबलेल्या दुखण्यात ती प्रथम तेथे गेली. मूल औषधाने बरे झाले की प्रार्थनेने, हा वाद मी येथे घालणार नाही. ती स्वतः म्हणते, "बाई, दोन्ही चालू होते." पुढे संक्रांत आली, आणि तिला हळदीकुंकवाचे बोलावणे करावयाचे की नाही यावरून आपल्यांत दोन तट पडले. एक म्हणाली, ती किरिस्ताव झाली. दुसरी म्हणाली, आता ती पोपच्या माणसांत गेली. तिसरी म्हणाली, पुण्याच्या पंचहौदासारखी तिला चहाबिस्किटांवर बाटवली. चौथीने तर भिशीतून तिचे नाव काढावे असे सुचविले. मी त्या दिवशी गप्प राहिले आणि ते मला फार लागले. कारण पोप, पंचहौद आणि ती घरगुती सभा यांची आपण एकाच पातेल्यात खिचडी केली होती, आणि या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत हे मला माहीत होते.

वारकरी, रामदासी, महानुभाव, लिंगायत हे सगळे एकच, असे कोणी परका म्हणाला तर आपल्याला चालेल काय? माळ घातलेल्या बाईला आणि नवरात्रात गोंधळ घालणाऱ्या घराला एकाच मापाने मोजले तर आपण हसू. मग दुसऱ्याच्या धर्मात पाहताना ही नजर आपण घरी का ठेवून येतो? मी ख्रिस्ती नाही. सकाळी तुळशीला पाणी घालणारी बाई आहे. परंतु या तिन्ही ठिकाणी बसून मी पाहिले आहे, आणि वाचलेही आहे. पाहताना मी एकच गोष्ट ध्यानात ठेवली : देवासमोर बोलते कोण, आणि कोणत्या भाषेत?

माझे बालपण पुण्याच्या पेठेत गेले. आमच्या शेजारी एक गोवेकर कॅथलिक कुटुंब राही. त्या घरच्या आजीबाईंना आम्ही सगळी मुले माय म्हणत असू. १९६० च्या सुमारास, मी दहा वर्षांची असेन, मायने नाताळात मला क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चमध्ये नेले. या चर्चची जागा १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत दिली गेली. पेशव्यांच्या फौजेत पोर्तुगीज अंमलदार होते, त्यांच्या उपासनेची सोय हवी होती. ज्या पेशवाईने १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तिनेच पुण्यात त्यांच्या देवाला जागा दिली. इतिहासाच्या पुस्तकात पहिली गोष्ट मोठ्या अक्षरांत असते, दुसरी बहुधा नसतेच.

आत गेल्यावर मेणबत्त्या, धूप, फुले, मरियामातेची मूर्ती. मला मुळीच परके वाटले नाही. फादर आमच्याकडे पाठ करून वेदीकडे तोंड करून उभे होते आणि लॅटिनमध्ये हळू आवाजात काही म्हणत होते. माय जपमाळेचे मणी ओढीत होती. मी विचारले, "माय, ते काय म्हणतात?" ती म्हणाली, "देवाला कळते." मला ते उत्तर त्या वेळी टाळाटाळीचे वाटले. पुढे वाचल्यावर कळले की तिने जुन्या कॅथलिक उपासनेचे अर्धे मर्म दोन शब्दांत सांगितले होते. आपल्या घरी सत्यनारायण होतो, गुरुजी संस्कृत म्हणतात, आपल्याला त्यातले किती कळते? पण पूजा झाली असे आपण म्हणतोच. कारण केलेले कर्म महत्त्वाचे.

कॅथलिक उपासनेला मिस्सा म्हणतात आणि तिच्या मध्यभागी एक कर्म आहे. येशूने पकडला जाण्याच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर जेवताना भाकर व द्राक्षारस दिला, त्याचे ते स्मरण. परंतु कॅथलिकांच्या मते ते नुसते स्मरण नव्हे. फादर ती वचने उच्चारतात तेव्हा भाकर आणि द्राक्षारस यांचे रूप, रंग, चव तीच राहते, पण आतले तत्त्व बदलून ते खरोखर ख्रिस्ताचे शरीर व रक्त होते. ट्रेंट येथे १५४५ ते १५६३ या काळात भरलेल्या धर्मपरिषदेने हे मत ठामपणे मांडले. म्हणून मिस्सा संपल्यावर उरलेली पवित्र भाकर ते पेटीत जपून ठेवतात, तिच्यापाशी दिवा तेवत असतो, आणि तिच्यासमोरून जाणारा गुडघा टेकतो. एकदा हे समजले की बाकीचे आपोआप समजते. एवढे मोठे कर्म ज्याच्या हातून घडावयाचे, तो अधिकारी पाहिजे. त्याला अधिकार बिशपांनी दिलेला पाहिजे. बिशपांची परंपरा येशूच्या पहिल्या शिष्यांपर्यंत पोचली पाहिजे. आणि या सर्वांच्या शिरोभागी रोमचे पोप. संस्कार सात : बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, पापांची कबुली, आजाऱ्याला तेल लावणे, दीक्षा आणि विवाह. मरियामाता व संत यांच्याकडे ते मागणे मागतात. त्यावर इतर ख्रिस्ती त्यांना मूर्तिपूजक म्हणतात. माय म्हणे, "अगं, मोठ्या साहेबाकडे काम असले की आपण त्याच्या आईकडून सांगवतो, तसे हे." संतांना मान द्यावयाचा आणि पूजा एका देवाचीच, हा भेद त्यांच्या शास्त्रात स्पष्ट आहे. मेलेल्यांसाठीही ते प्रार्थना करतात. पक्षपंधरवडा पाळणाऱ्या आपल्याला हे समजावून सांगायला नकोच.

मायने ऐकलेली लॅटिन मिस्सा आता सामान्यतः ऐकू येत नाही. १९६२ ते १९६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, आणि उपासना लोकांच्या भाषेत करण्यास वाट मोकळी झाली. फादर लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. आज वसईच्या चर्चमध्ये जाल तर शुद्ध मराठी मिस्सा ऐकाल. तेथलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांचे 'सुबोध बायबल' पुष्कळांनी वाचले असेल. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली ते निवर्तले. आणि त्यांच्याही चारशे वर्षे आधी फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या! म्हणजे मिस्सा लॅटिनमध्ये असतानाही कथा मात्र मराठीत होती. देवाशी बोलायचे ते लॅटिनमध्ये, माणसांना सांगायचे ते ओवीत.

हे स्टीफन्स होते इंग्रज. इंग्लंडात त्या वेळी कॅथलिक राहणे जिवावरचे काम होते. का, ते पाहू म्हणजे आपण अँग्लिकन पंथापाशी येऊन पोचतो.

आठव्या हेन्री राजाने १५३४ साली इंग्लंडचे चर्च पोपच्या सत्तेतून काढून घेतले. त्याला पहिल्या राणीशी काडीमोड हवा होता, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. बायकांना तर विशेष! पण पंथ काही एका राजाच्या लग्नावर उभा राहत नाही. खरा बदल पुढे झाला. १५४९ साली त्यांनी सर्व उपासना इंग्रजीत एका पुस्तकात छापली. तिची १६६२ ची आवृत्ती जगभर गेली, आणि निरनिराळ्या भाषांत, मराठीतही, उतरली. पाळकाने काय म्हणावयाचे आणि लोकांनी काय उत्तर द्यावयाचे, सारे त्यात लिहिलेले. फादरांच्या ओठांवरची उपासना लोकांच्या हातात आली, ती अशी. भाकरीचे तत्त्व बदलते हे मत त्यांनी नाकारले. मुख्य संस्कार दोनच मानले, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. पाळकाला लग्नाची मोकळीक दिली. पण बिशप ठेवले, झगे ठेवले, सणवार ठेवले. त्यामुळे या पंथात दोन मनांची माणसे नेहमीच राहिली. काहींचा ओढा जुन्या थाटाकडे, काहींचा साध्या प्रवचनाकडे.

पुण्याचा पंचहौद थाटाकडे झुकणारा. गुरुवार पेठेतले ते होली नेम चर्च, आणि त्याचा तो वेगळा उभा असलेला उंच घंटेचा मनोरा! त्या घंटांवर आमच्या वाड्यात दूध तापत असे. तेथे वाँटेज या इंग्लंडमधील गावाच्या मठातल्या भगिनी काम करीत. १८९० सालचे चहाचे प्रकरण याच मिशनमधले. लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे अशी बडी माणसे तेथे गेली, चहा पुढे आला, आणि गोपाळराव जोश्यांनी ती नावे छापून आणली. मग शंकराचार्य, पंचायत, प्रायश्चित्त! त्या चहाने कोणी ख्रिस्ती झाल्याचे ऐकिवात नाही. मग आपली ती भगिनी चहाने बाटली हे कसे?

मी शिक्षिका होण्याचे शिक्षण घेत असताना एका मैत्रिणीबरोबर तेथे उपासनेस गेले. वेदी, मेणबत्त्या, गुडघे टेकणे. मला वाटले, हे तर मायचेच चर्च. पण मग सर्वांनी पुस्तके उघडली आणि एका सुरात मराठीत उत्तरे देऊ लागले. माझ्या शेजारी एक घरकाम करणारी बाई होती. ती पुस्तकात न पाहता, न अडखळता म्हणत होती. १९७० साली नागपूरला अँग्लिकन आणि इतर काही पंथ मिळून उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली. पंचहौद आता तिच्यात आहे. तेव्हा आपल्या भागात निराळा अँग्लिकन पंथ असा आता उरलेला नाही, त्याची रीत तेवढी पुष्कळ ठिकाणी टिकून आहे.

आणि आता रमाबाई. वाँटेजच्या भगिनींचे नाव मी मघाशी मुद्दाम घेतले. पंडिता रमाबाई १८८३ साली विलायतेला गेल्या त्या याच भगिनींच्या आश्रयाने. वय पंचवीस, पदरी दोन वर्षांची मनोरमा, आईबाप दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला, पती गेलेले. जवळ होते ते संस्कृत. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे मायलेकींचा अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा झाला. नीलकंठशास्त्री गोऱ्हे, जे स्वतः ख्रिस्ती होऊन अँग्लिकन पाळक झाले होते, त्यांच्या लिखाणाचा रमाबाईंच्या मनावर मोठा परिणाम झाला होता. येथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. लोक रागावले ते येथेच. मला मात्र त्यापुढची दोन वर्षे मोलाची वाटतात.

कारण बाप्तिस्मा घेतल्यावर रमाबाईंनी मान खाली घातली नाही. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्या दोघींचा पत्रव्यवहार १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे. त्यात रमाबाई प्रश्न विचारतात. एक देव तीन रूपांत कसा? मला जे पटले नाही ते केवळ चर्च सांगते म्हणून मी का मानावे? एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले, ती दुसऱ्याच्या जोखडात मान देण्यासाठी नव्हे, असा त्यांचा भाव आहे. एक प्रसंग तर मी शाळेत मुलींना सांगत असे. भगिनी जो क्रूस घालीत त्यावर लॅटिन अक्षरे असत. रमाबाई म्हणाल्या, लॅटिन कशाला, संस्कृत का नको? मला लॅटिन येत नाही, माझ्या देशातल्या बायांना येत नाही. जी भाषा आपल्याला कळत नाही ती परमेश्वराला अधिक प्रिय, असे कोठे आहे? सिस्टर जेराल्डीनला हा अहंकार वाटला. तिची बाजूही मी टाकून देत नाही. तिच्या दृष्टीने चर्च ही आई, आणि आईशी लेकराने हुज्जत घालू नये. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असे निघाले, तेव्हा बिशपांनी हरकत घेतली : हिंदुस्थानात याचा बोभाटा होईल! रमाबाईंना हे फार लागले. ज्या देशात स्त्रीला मोकळीक आहे म्हणून गेलो, तेथेही बाईने कोणापुढे उभे राहावे हे बुवाच ठरविणार! पुढे त्यांनी लिहून ठेवले आहे की ख्रिस्ती देशांत इतके पंथ आणि इतकी मते आढळली की त्या अगदी गोंधळून गेल्या.

१८८९ साली परत येऊन त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. त्यावरून जो गदारोळ झाला त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, मी ते सोडते. १८९६ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे केले. केडगाव म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, दौंड तालुक्यातले. तेथे पुढे सुमारे दोन हजार मुली व बाया होत्या. विणकाम, शेती, छापखाना, सारे त्या करीत.

तेथेच १९०५ साली ती गोष्ट झाली जिच्यासाठी आज जगातले पेंटेकॉस्टल अभ्यासक केडगावचे नाव घेतात. त्या वर्षी जानेवारीपासून रमाबाईंनी मुलींचे प्रार्थनेचे गट केले. इंग्लंडशेजारच्या वेल्स प्रांतात १९०४ साली मोठी धर्मजागृती झाली होती, तिची बातमी आली होती. पाचशेंवर मुली दिवसातून दोनदा जमत. जूनच्या अखेरीस एका रात्री एक मुलगी प्रार्थना करताना आतून पेटल्यासारखी झाली. तिच्याजवळची दुसरी मुलगी खरोखर आग लागली असे समजून पाण्याची बादली आणायला धावली, असे तेथल्या आठवणींत सांगितले आहे. मग मुली रडू लागल्या, पापे बोलून दाखवू लागल्या, सगळ्या एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. पुढच्या वर्षी काही जणी अन्य भाषांत बोलल्याचेही वृत्त आहे. बाहेरून आलेल्या गोऱ्या मंडळींपैकी काहींना हा गलका सोसवेना. रमाबाईंनी मुलींना आवरले नाही. परदेशी शिस्तीच्या मापाने या मुलींना का मोजावे, असे त्यांचे म्हणणे होते. मला हे वाचताना आषाढीची दिंडी आठवली. टाळांच्या गजरात कोण हळू बोलतो?

अमेरिकेत लॉस एंजेलिसला अझुसा स्ट्रीटवर १९०६ च्या एप्रिलमध्ये जी जागृती सुरू झाली, तिच्यापासून पेंटेकॉस्टल पंथाचा इतिहास मोजण्याची रीत आहे. केडगाव तिच्या आधीचे! रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी केडगावच्या अनुभवावर १९०६ साली लिहिलेले लहान पुस्तक दक्षिण अमेरिकेत चिली देशात एका मैत्रिणीच्या हाती गेले, आणि तेथे १९०९ साली पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली तिला ते कारण झाले. दौंड तालुक्यातल्या दुष्काळी मुलींची प्रार्थना कोठे जाऊन पोचली पाहा. रमाबाई स्वतः मात्र कोणत्याही पेंटेकॉस्टल पंथाच्या झाल्या नाहीत. अन्य भाषा हे एक दान आहे, पण तीच पवित्र आत्म्याची एकमेव खूण नव्हे, असे त्या मानीत. तेथेही त्यांनी आपली अक्कल गहाण ठेवली नाही. त्यांचे शेवटचे काम होते बायबलचे मराठी भाषांतर. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा भाषेत केलेले. १९२२ साली त्या वारल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यात छापून झाला. लॅटिन अक्षरांच्या क्रुसाला हरकत घेणाऱ्या मुलीने चाळीस वर्षांनी स्वतःच उत्तर दिले.

पेंटेकॉस्टल हे नाव पन्नासाव्या दिवसावरून आले आहे. येशूच्या पुनरुत्थानानंतरच्या त्या सणाला शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला आणि ते निरनिराळ्या भाषांत बोलू लागले, असे बायबलात आहे. कॅथलिक आणि अँग्लिकन म्हणतात, ती चर्चच्या जन्माची गोष्ट. पेंटेकॉस्टल म्हणतात, ती आजही घडते, आणि ती शेतमजूर बाईलाही घडू शकते. म्हणून त्यांना वेदी नको, छापील प्रार्थना नको, बिशपांची परंपरा नको. तान्ह्या मुलाला ते बाप्तिस्मा देत नाहीत. ज्याला समजते त्याने स्वतः विश्वास धरून पाण्यात बुडी घ्यावी. दोन वर्षांच्या मनोरमेचा बाप्तिस्मा त्यांच्या हिशेबी धरलाच जाणार नाही! आजाऱ्यासाठी हात ठेवून प्रार्थना करतात. हे लोक रोमच्या पोपला मानीत नाहीत. तेव्हा आपली भगिनी "पोपच्या माणसांत गेली" हे म्हणणे, माळकरी बाई महानुभाव झाली म्हणण्यासारखे आहे.

आपल्या तालुक्यात हे सर्व अगदी नवे आहे असेही नव्हे. नसरापूरला आपण बनेश्वरासाठी जातो. त्याच नसरापुरात, भोर संस्थान असताना, पूना अँड इंडियन व्हिलेज मिशनचे ठाणे होते. १८९३ साली चार्ल्स रीव्ह यांनी ते मिशन काढले, ऑस्ट्रेलियाकडची माणसे त्यात येत, आणि ते कोणा एका पंथाचे नव्हते. आपल्या आजेसासूबाईंच्या पिढीने ही माणसे पाहिलेली आहेत.

गेल्या महिन्यात मी तिच्याबरोबर त्या सभेला गेले. एका पडवीत चटया टाकलेल्या, ढोलकी आणि एक छोटी पेटी, पंचवीसेक माणसे, त्यांत बायाच अधिक. गाणी आपल्या भजनाच्या चालीवर. मग सर्वांनी एकदम मोठ्याने प्रार्थना केली. मला पहिल्यांदा भीती वाटली, खोटे कशाला सांगू. त्यानंतर साक्षी झाल्या. म्हणजे ज्याला वाटेल त्याने उठून आपल्या आयुष्यात काय घडले ते सांगावयाचे. आणि भगिनींनो, आपली ती मैत्रीण उठली. जी आपल्या मंडळात सहा वर्षांत "हजर" याशिवाय एक शब्द बोललेली नाही, ती दहा मिनिटे बोलली. सासरचे, मुलाच्या दुखण्याचे, रात्री एकटीने काढलेल्या वेळेचे. मी तिची शेजारीण म्हणविते, आणि त्यातले निम्मे मला प्रथमच कळले. तिला इतके दिवस कोणी विचारलेच नव्हते.

सगळे मला पटले असे नाही. सभा चालविणाऱ्या गृहस्थांना मी सरळ विचारले, "औषध बंद करा असे सांगता काय?" ते म्हणाले, "नाही बाई, डॉक्टरही देवानेच दिला." बरे वाटले, पण सगळीकडे असेच सांगतात याची हमी मी देऊ शकत नाही, आणि जेथे औषध सोडायला सांगतील तेथून उठून यावे, हे मी तिला बजावले आहे. दुसरे, प्रसाद खाऊ नये, कुंकू लावू नये, असे तेथे शिकवितात. हे मला फार कडक वाटते. वसईच्या कॅथलिक म्हाताऱ्या लाल लुगडे नेसून मिस्सेला जात, त्यांच्या धर्माला लुगड्याने बाध आला नाही. जेथे बिशप नाही, पुस्तक नाही, तेथे सभा चालविणाऱ्याचा शब्द फार मोठा होतो, आणि तो चुकला तर त्याला कोणी टोकावयाचे? कॅथलिकांची आणि अँग्लिकनांची ती जुनी, जड व्यवस्था अशा वेळी उपयोगी पडते. पण त्या व्यवस्थेत बाईला बोलावयास किती काळ थांबावे लागले तेही पाहा. इंग्लंडच्या चर्चने स्त्रियांना पाळकाची दीक्षा दिली ती १९९४ साली. दक्षिण भारताच्या मंडळीत पहिल्या स्त्री बिशप २०१३ साली आंध्रात झाल्या. कॅथलिक पंथात स्त्रीला पुरोहिताची दीक्षा अजूनही नाही, दवाखाने आणि शाळा मात्र सिस्टरांच्याच खांद्यावर. आणि केडगावला मुली १९०५ सालीच उठून बोलत होत्या.

मी तिला विचारले, "तू आता कोण?" ती म्हणाली, "बाप्तिस्मा घेतला नाही बाई. घ्यायचा की नाही ते मी ठरवीन. पण मंडळ सोडायचे मनात नाही." हळदीकुंकवाचे मी तिच्याशी बोलले आहे. ती म्हणते, तिळगूळ घेईन, कुंकू नको, आणि वाण माझ्या हातात न देता पाटावर ठेवा. आता हे चालावयाचे की नाही, हे कार्यकारिणीने ठरवावे. माझे मत मी देऊन ठेवते की चालावे. भिशीच्या वहीत तिचे नाव अजून आहे. ज्या बहिणींना ते खुपते त्यांनी माझ्याकडे येऊन बोलावे, तिच्या पाठीमागे नको.

मार्गशीर्षात आपली सहल जाते. या खेपेस केडगावला जावे अशी सूचना मी चिटणीसबाईंकडे दिली आहे. भोरहून सकाळच्या एस.टी.ने पुणे, तेथून दौंडकडे जाणारी गाडी. केडगाव स्टेशनवर उतरावयाचे. परतताना वेळ उरला तर गुरुवार पेठेतला पंचहौदाचा मनोराही पाहता येईल. ज्यांना यावयाचे आहे त्यांनी चहा घेताना नावे द्यावीत. एक नाव मी आधीच लिहून घेतले आहे.